दाढदुखीच्या वाटेने सहा दिवस

किंक्रांतीच्या दिवशी प्रवासाला निघू नये, असे आमच्या जीपचे चालक मामा दोनदा म्हणाले आणि तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी त्यांनी टपावर खुर्ची बांधायला घेतली. खुर्ची घडीची, ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, मान टेकवायला उशी असलेली. कोल्हापुरात राजारामपुरीतील माझ्या दातांच्या दवाखान्यातली खुर्ची बटण दाबले की वरखाली होते. ही मात्र दोन माणसांनी उचलली तरच वर होते, परंतु तिला वीज लागत नाही आणि ती डोंगर चढते. तिच्याखेरीज कपाळाला बांधायचे दिवे, आरसा-चिमटा-चमचा अशा हत्यारांचे ४० संच, भुलीची इंजेक्शने, दात भरायचे ग्लास आयोनोमर सिमेंट, हत्यारे निर्जंतुक करण्यासाठी गॅसवर चालणारा कुकरसारखा ऑटोक्लेव्ह आणि खोकेभर ब्रश व पेस्ट एवढे सामान होते. माणसे पाच: मी, शस्त्रक्रियेत माझ्याहून तयार हात असलेला एक सहकारी डॉक्टर, दोन इंटर्न आणि माझ्या दवाखान्यातल्या सहायक ताई. त्या नसत्या तर पहिल्याच संध्याकाळी आमचे हत्यारांचे गणित चुकले असते.

गेली अठरा वर्षे मी कोल्हापुरात दात पाहते. माझ्या दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांच्या टापूत दातांचे इतके दवाखाने आहेत की आम्ही एकमेकांच्या पाट्या वाचत घरी जातो. तेथून पश्चिमेला किंवा दक्षिणेला घाटाच्या दिशेने निघाले की पाट्या विरळ होत जातात आणि शेवटी संपतात. देशात दंतवैद्यक महाविद्यालये तीनशेहून अधिक असल्यामुळे डॉक्टरच नाहीत असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. ते कोठे बसतात आणि किती वाजता बसतात, एवढेच विचारायचे उरते. ‘किती वाजता’ हे मला फार उशिरा, मागच्या वर्षीच्या एका फसलेल्या शिबिरामुळे समजले, आणि म्हणून या खेपेची सुरुवात आम्ही तेथूनच केली.

पहिला दिवस: करवीर तालुका, ऊसतोड मजुरांचा तळ

मागच्या वर्षी याच माळावर आम्ही सकाळी दहा वाजता तंबू ठोकला होता. दुपारपर्यंत तीन म्हातारी माणसे आणि धाकट्या भावंडांना कडेवर घेतलेल्या काही मुली एवढेच लोक आले, आणि परतताना आम्ही आपापसांत ‘या लोकांना दातांचे महत्त्वच नाही’ असे बोललो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. बीड, जालना, अहिल्यानगर भागांतून हंगामासाठी आलेल्या या टोळ्या पहाटे चारच्या सुमारास फडात जातात आणि गाड्या भरून दिवेलागणीला परततात. सकाळी दहा वाजता तळावर असतोच कोण? या वर्षी मुकादमाशी आधी बोलून आम्ही संध्याकाळी सात वाजता काम सुरू केले, आणि पाचटाच्या कोप्यांसमोर लागलेली रांग रात्री साडेअकरापर्यंत संपली नाही.

रांगेत चौथ्या क्रमांकावर तिशीची एक बाई होती. उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला, आणि गालात तंबाखूची चिमूट धरलेली. दाढ ठणकली की तेथे तंबाखू दाबायची, हा इकडचा सर्वांत स्वस्त उपचार. खालच्या दाढेत एवढा खड्डा होता की आरसा बाजूला ठेवूनही तो दिसत होता. मुळे शाबूत असल्यामुळे ही दाढ वाचवता आली असती. माझ्या दवाखान्यात मी तिला रूट कॅनल सांगितले असते, त्याच्या दोन-तीन बैठका आणि नंतर वर टोपी. मी ‘वाचवता येईल’ असे म्हणताच तिने सरळ विचारले, “किती खाडे पडतील, बाई?”

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातले एक जण बसले की जोडीचे काम बसते, खाडा लागतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल तेवढी लांबते. तीन बैठका म्हणजे तीन खाडे, शिवाय शहरात जाण्यायेण्याचे भाडे. हा हिशेब तिने माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा अचूक केला होता. ‘काढूनच टाका’ या मागणीला आम्ही दंतवैद्य अडाणीपणा म्हणत आलो. तिच्या जागी मी असते तर मीही दुसरे काही मागितले नसते.

दाढ काढली. नेहमी जेथे टाका घालत नाही तेथेही सहकाऱ्याने एक टाका घातला, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे ती वाकून ऊस तोडणार होती आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढणार होती. विश्रांती घ्या, जड उचलू नका ही छापील सूचना देऊन काय उपयोग होता? कापूस अर्धा तास दाबून धरा, आज थुंकू नका, चूळ उद्या भरा आणि त्या बाजूला तंबाखू ठेवू नका, एवढेच सांगितले. कपाळावरच्या दिव्याकडे झेपावणारे किडे हाकलण्यासाठी आमची इंटर्न मुलगी वहीच्या पुठ्ठ्याने सतत वारा घालत होती.

मुलांच्या तोंडांचे वेगळेच. त्यांच्या हातात उसाचे कांडे दिसले की पाहुण्यांना वाटते की दात उसामुळेच किडतात. वास्तविक कांडे सोलून चावण्यात दातांना कष्टही पडतात आणि लाळही भरपूर सुटते. जास्त नुकसान करतो तो पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, जो आई फडात असताना तान्ह्याच्या हाती दिला जातो आणि तासन् तास पुरवला जातो, आणि झोपवताना बाटलीतून पाजलेला गोड चहा. गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्ले हे दाताच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. प्रत्येक वेळी दातावरच्या थरातले जंतू साखरेचे आम्ल करतात, थराचा सामू साडेपाचच्या खाली उतरला की दाताचे खनिज विरघळू लागते, आणि लाळेला तो पूर्ववत करायला अर्धा-पाऊण तास लागतो. पुडा तासन् तास पुरत असेल तर लाळेला ती फुरसतच मिळत नाही.

निघताना प्रत्येकाच्या हाती एक जाड कार्ड दिले, त्यावर दातांचे चित्र आणि काय केले त्याच्या खुणा. ही माणसे मार्चमध्ये गावी जातील आणि पुढच्या हंगामात कोणत्या कारखान्यावर असतील ते त्यांनाही ठाऊक नसते. माझ्या संगणकातली नोंद त्यांच्या काय कामाची?

दुसरा दिवस: कागल, कापशी

सेनापती कापशीच्या अलीकडे एका गावात बचत गटाचे हळदीकुंकू होते आणि आम्हाला त्याचे रीतसर आमंत्रण होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत या भागातल्या बायका एकमेकींच्या दारी जातातच. त्यांना शिबिराला बोलावण्यापेक्षा त्या जेथे जमतात तेथे आपण जावे, हा विचार गटाच्या अध्यक्षीणबाईंचा. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्यांऐवजी ब्रश आणि दहा रुपयांची फ्लोराइडची पेस्ट द्यायची हेही त्यांनीच ठरवले होते. कापशी चपलांसाठी प्रसिद्ध, आणि हाकेच्या अंतरावर निपाणीचा तंबाखूचा पट्टा. उंबरठ्याशीच तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा कडवट वास आला तेव्हा विषय काढण्याची गरज उरली नाही.

मशेरीबद्दल शहरात बोलले जाते ते जणू ती नामशेष झालेली वस्तू आहे असे. येथे चाळिशीच्या पुढच्या बहुतेक बायकांच्या कनवटीला डबी होती. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा आणि पहाटे उठल्यावर बोटाने हिरड्यांना लावायचा. तो लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे प्रत्येकीने सांगितले, आणि ते खोटेही नाही, कारण निकोटिनची सवय लागलेल्या शरीराची आतडीही त्याचीच वाट पाहतात. दात घासायचे निमित्त असल्यामुळे याला व्यसन कोणी म्हणत नाही. केंद्र सरकारने १९९२ मध्येच दातांच्या पेस्ट आणि पावडरींत तंबाखू घालण्यास बंदी केली, परंतु घरच्या तव्यापर्यंत असा कायदा पोहोचणार कसा? मी ‘उद्यापासून सोडा’ असे म्हणत नाही, कारण त्या हसून ‘बरं’ म्हणतात आणि पुढच्या वेळी डबी लपवतात. रात्री लावून तसेच झोपू नका, तेवढी एक खेप आधी बंद करा, आणि घरात गर्भार सून असेल तर तिच्या हाती डबी जाऊ देऊ नका, कारण तिने लावली तर बाळाचे वजन कमी भरते, एवढे सांगितले. दुसऱ्या वाक्यावर सासवा गंभीर झाल्या.

हळदीकुंकवात मला खटकले ते वेगळे. मशेरी सर्वांत जास्त लावणाऱ्या, दात सर्वांत आधी गेलेल्या बायका बहुतांशी विधवा होत्या आणि त्या साहजिकच आतल्या खोलीत किंवा परड्यात होत्या. याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची राज्यभर वाहवा झाली. ठराव कागदावरून परड्यापर्यंत यायला वेळ लागतो. अध्यक्षीणबाईंना मी हळूच विचारले, त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग स्वतःच उठून आतल्या तिघींना बाहेर आणले. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क आजींच्या तोंडात वीस वर्षांपूर्वीची कवळी होती, आतून दोरा गुंडाळून घट्ट केलेली. भाकरी दुधात कुस्करून खाते, म्हणाल्या. मी नवी कवळी देऊ शकले नाही. तिला माप, चावा, चाचणी अशा चार-पाच बैठका लागतात, आणि एका दिवसात करून दिलेल्या शिबिराच्या कवळ्या ट्रंकेत पडून राहतात हे मी पुष्कळ पाहिले आहे. दोऱ्याच्या गाठीखाली बुरशी झाली होती, तिचे औषध दिले आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायला सांगितले. आजी म्हणाल्या, “रातीला दार वाजलं, तर बिनदाताची कशी जाऊ बाई?”

मुक्काम गडहिंग्लजला केला.

तिसरा दिवस: आजरा

घनसाळ भाताची खाचरे आता रिकामी होती, धुके नऊ वाजेपर्यंत हलले नाही. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत ६१ मुले तपासली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करते, त्यात किडलेल्या दातांचीही नोंद होते. मुख्याध्यापकांनी नोंदवही काढून दाखवली, नोंदी चोख होत्या. नोंद झाल्यानंतर मुलाने दातांसाठी दूरच्या रुग्णालयात जायचे असते, आणि त्या दिवशी आईची मजुरी बुडते. कालच्या आणि परवाच्या गोष्टीपेक्षा ही काही वेगळी नव्हती.

मुलांच्या पालकांना, आणि खरे तर बहुतेक सर्वांनाच, जी एक गोष्ट ठाऊक नसते ती म्हणजे सहाव्या वर्षीची दाढ. ती कोणताही दुधाचा दात न पडता, सर्वांच्या मागे गुपचूप उगवते. काहीच पडले नाही त्या अर्थी ही दुधाचीच, पुढे पडणार, असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती मात्र जन्मभराची असते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यात ब्रशचा केस शिरत नाही, आणि दहाव्या वर्षापर्यंत तिचा पोखरलेला डबा होतो. चौथीच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या त्या दाढेत आम्हाला खड्डे सापडले.

ते खड्डे आम्ही ड्रिल न वापरता भरले. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या गावांसाठी विकसित झाली. चमच्यासारख्या हत्याराने मऊ झालेला किडका भाग खरवडायचा, खालचा टणक भाग तसाच ठेवायचा आणि सिमेंट दाबून बसवायचे. आमची इंटर्न कागदाच्या पॅडवर पावडरीचा एक चमचा आणि द्रवाचा एक थेंब ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घोटत होती. मिश्रणावर चकाकी असेपर्यंतच ते दाताला धरते, चकाकी मेली की टाकून द्यावे लागते. उन्हाळ्यात हा वेळ हातातून निसटतो, पण आजऱ्याच्या थंडीने त्या दिवशी आम्हाला अर्धे मिनिट अधिक दिले. व्हॅसलीन लावलेले बोट दाढेवर दाबून धरले की सिमेंट खाचांतही शिरते. सुई नाही, आवाज नाही, म्हणून पहिले मूल न रडता उठले, आणि मग बाकीची रांगेसाठी भांडली.

आवाक्याबाहेर गेलेल्या दुधाच्या दाढांवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडची पेस्ट आणि ग्लास आयोनोमर यांच्याबरोबर या द्रावाचाही समावेश केला. एका थेंबाने बहुतेकदा कीड थांबते, पण थांबलेली जागा कायमची काळी होते. आधी पालकांना विचारावे, म्हणून आम्ही निरोप धाडून आयांना बोलावले होते. सात वर्षांच्या एका मुलीची आई जवळच्या काजू कारखान्यातून आली. टरफलाच्या तेलाने तिची बोटे पेरांपर्यंत काळी पडली होती. मी मुलीची मागची दाढ काळी होईल असे सांगताच तिने स्वतःची बोटे पाहिली आणि म्हणाली, “मागं लावा, कुणाला दिसतंय? पुढच्या दाताला नगं. माझी बोटं बघूनच लोक बोलत्यात.” पुढचे दोन दातही किडलेले होते. लोकलाजेपेक्षा कीड थांबणे मोठे, असा आग्रह मी पूर्वी केला असता. आता केला नाही, पुढचे दात सिमेंटने भरले, ते टिकण्याची शक्यता कमी आहे हे माहीत असूनही.

न्यूझीलंडने शाळांमध्ये मुलांचे दात भरण्यासाठी १९२१ मध्येच दंतपरिचारिका तयार करायला घेतल्या, आणि त्या डॉक्टर नसत. आमच्या इंटर्नने दुपारपर्यंत जे केले ते शिकायला पाच वर्षांची पदवी लागत नाही, हे माझ्या व्यवसायातल्या मंडळींना आवडणार नाही. दुपारी खिचडीच्या आधी मुले हात धुवायला नळाशी ओळीने उभी राहतात. तेथेच, खिचडीनंतर दोन मिनिटे सर्वांनी मिळून दात घासावेत असे मुख्याध्यापकांशी ठरले. फिलिपिन्समधील शाळांत हा उपक्रम हात धुण्याला जोडूनच चालतो. ब्रश ठेवायला बांबूचे घर करून देण्याचे सहावीतल्या मुलांनी कबूल केले.

चौथा दिवस: गारगोटी

दिवसाचा पूर्वार्ध ऑटोक्लेव्हच्या रबरी रिंगेने खाल्ला. रिंग चिरल्यामुळे वाफ धरेना, आणि १२१ अंशांवर पंधरा मिनिटे गेल्याशिवाय मी हत्यार दुसऱ्या तोंडात घालत नाही. सहायक ताईंनी बाजारपेठेत कुकर दुरुस्त करणारा गाठला. त्याने चार रिंगा लावून पाहिल्या, पाचवी बसली, आणि ‘डाळ शिजवताय की काय एवढ्या घाईनं’ असे विचारून पैसे घ्यायचे नाकारले.

दुपारनंतर मुख्यतः तरुण मुले आली. त्यांना दात तपासून घ्यायचे नव्हते. एकाच्या मित्राला ‘मिसळ झोंबते’ म्हणून बाकीच्यांनी ओढून आणले होते. मुलगा १९ वर्षांचा, गेली चार वर्षे मावा खाणारा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोळून टपरीवर करून देतात तो मावा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि मावा त्याच टपरीवर त्याच हातांनी मिळतो. मी त्याला स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितले. धडधाकट माणसाची तिन्ही जातात. त्याचे एक गेले, दुसरे अर्ध्यावर अडले. गालाच्या आतून बोट फिरवले तेव्हा मऊ कातडीऐवजी ताणलेल्या दोऱ्या लागल्या, पांढुरक्या आणि ताठ. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू चामड्यासारखी होते, तोंड मिटत जाते. मावा सोडला तर पुढची वाढ थांबते, गेलेले परत येत नाही, आणि काहींच्या बाबतीत तेथेच पुढे कर्करोग होतो.

कोल्हापूरच्या माणसाला तिखट झोंबू लागणे हे आमच्याकडे सर्वांत आधी कळणारे लक्षण आहे. तांबडा रस्सा ज्याच्या ताटातून गेला त्याचे तोंड पाहावे, एवढे मी त्या गावातल्या सर्व मित्रमंडळाला समजावले. त्यांच्यापैकी आणखी दोघांची अडीच बोटे गेली. तिसरा मोठ्याने हसला आणि त्याने बोटे खिशातून काढलीच नाहीत.

पाचवा दिवस: राधानगरी, धनगरवाडा

शाहू महाराजांनी सुरू केलेले राधानगरीचे धरण मागे पडले आणि दाजीपूरच्या जंगलाच्या अलीकडे डांबर संपले. तेथून पाच किलोमीटर चढ. वाड्यावरची दोन मुले खाली येऊन थांबली होती. त्यांनी खुर्ची आमच्याकडून काढून घेतली आणि पालखीसारखी खांद्यावर टाकून आमच्यापुढे अर्धा तास आधी पोहोचली. रस्त्यात ओल्या मातीत गव्याच्या खुरांचे ठसे होते.

या वाड्यावर मी दोन वर्षांपूर्वी आले होते. त्या वेळी एका बाईच्या खालच्या ओठाआड, जेथे ती तंबाखू धरते तेथे, खरवडून न निघणारा पांढरा चट्टा पाहिला होता आणि तिला सीपीआरची, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची, चिठ्ठी लिहून दिली होती: सीपीआर, दंत विभाग, लवकरात लवकर दाखवणे. चिठ्ठी लिहिली की माझे काम झाले असे मला वाटले होते, आणि शहरात परतल्यावर मी तिला विसरले.

तिने मला लगेच ओळखले. घरात जाऊन प्लॅस्टिकची पिशवी आणली, तिच्यात रेशनकार्ड, आधारकार्ड आणि चार घड्या घातलेली माझी चिठ्ठी. अक्षर माझेच, शाई थोडी पसरलेली. ती गेली का नाही, हे तिने मी न विचारता सांगितले. एकदा निघाली होती. पाच किलोमीटर उतरून एसटीने राधानगरीपर्यंत पोहोचली, पुढची गाडी निघून गेली होती, त्यानंतरच्या गाडीने कोल्हापूर गाठले तर संध्याकाळी परतायला जोडगाडी नाही, म्हणजे रात्र शहरात. शहरात ओळखीचे कोणी नाही आणि घरी सात म्हशी. “धारा कोन काढनार हुतं?” असे म्हणून ती स्टँडवरून माघारी फिरली. दुसऱ्यांदा निघाली नाही, कारण दुखत नव्हते.

आताही फारसे दुखत नव्हते. पांढऱ्या चट्ट्याच्या जागी रुपयाएवढी जखम होती, कडा उचललेल्या. मी बोटाने चाचपली. साधी जखम बोटाखाली मऊ लागते, ही कडेला कूर्चेसारखी टणक लागली. हनुवटीखाली एक गाठ हाताला आली. मी सहकाऱ्याला पाहायला सांगितले, त्याने पाहिले आणि आम्ही दोघेही एकमेकांशी त्या विषयावर काही न बोलता पुढचे रुग्ण पाहत राहिलो. वरची दाढ काढली की डोळे जातात म्हणून हटून बसलेल्या एका आजोबांना, नजरेची नस वेगळी आणि दाढेची वेगळी हे समजावण्यात अर्धा तास गेला. एकाने तालुक्याच्या बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतले ‘किडे’ काढून घेतले होते आणि ते कागदात बांधून ठेवले होते. भिंगाखाली ते फुटलेल्या बियांचे कोंब निघाले. तो रागावला नाही, ‘तरी पन दोन दिस बरं वाटलं’ म्हणाला. एकूण २८ जण झाले. काय केले ते माझ्या वहीत आहे, पण त्या संध्याकाळचे मला जे आठवते ते त्या जखमेची कड.

रात्री वाड्यावरच राहिलो. चुलीपुढे मी तिला जेवढे स्पष्ट सांगता येईल तेवढे सांगितले, ‘असू शकतो’ असेच म्हणाले, ‘आहे’ असे म्हणाले नाही. तिच्या नवऱ्याने किती खर्च येईल ते विचारले. असे उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, रेशनकार्ड बरोबर ठेवा, असे मी म्हटले. मग तिने विचारले ते खर्चाचे नव्हते: उद्या तुमच्या जीपमध्ये जागा आहे का? शेजारणीने धारा काढायचे कबूल केले होते, दोन दिवसांपुरते.

सहावा दिवस: कोल्हापूर

पहाटे उतरलो. भोगावतीच्या काठाकाठाने येणाऱ्या त्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत, साडेनऊला आम्ही सीपीआरच्या दारात होतो. सहकारी आणि इंटर्न सामान घेऊन पुढे गेले. मी तिच्याबरोबर केसपेपरच्या रांगेत उभी राहिले, अठरा वर्षांत पहिल्यांदाच. नाव, वय, गाव झाले. खिडकीतून मोबाईल क्रमांक विचारला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. वाड्यावर रेंज येत नाही आणि नवऱ्याचा फोन महिनाभर बंद होता. मी माझा क्रमांक सांगितला.

डॉक्टरांनी तपासले, त्याच दिवशी भूल देऊन कडेचा छोटा तुकडा काढला, बाटलीत टाकला आणि तपासणीचा निकाल आठवड्याने मिळेल, तेव्हा रुग्णाला घेऊन या, असे सांगितले. तिने कापूस दाताखाली धरलेला असल्यामुळे बोलता येत नव्हते. बाहेर झाडाखाली बसल्यावर तिने तो कागद पिशवीत, माझ्या दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीशेजारी ठेवला आणि नवऱ्याला खुणेने काहीतरी विचारायला सांगितले.

“परत यायचं म्हनत्यात. जीप कवा येनार, इचारती ती,” तो म्हणाला.

मामा माझ्याकडे पाहत होते. मी पुढचा गुरुवार म्हटले. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन त्या गुरुवारच्या अपॉइंटमेंटची वही उघडली, नऊ नावे होती. एकेकाला फोन लावायला बसले.